योगक्षेमाचा भार

कुंभकोणहून तंजावरकडे निघालेली आगगाडी स्वामिमलै सोडून पापनाशमच्या दिशेने जाऊ लागली, म्हणजे मध्ये सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पेरुमाळ म्हणजे श्रीविष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. गावाला निराळे नाव नाही. देवाचे देऊळ हेच गावाचे नाव. सभोवती कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती, आणि मध्ये ज्याच्या नावातच सौंदर्य आहे तो विष्णू. अशा शेकडो देवळांच्या या देशात वैष्णवांमध्ये फार जुन्या काळापासून एक वाद चालत आला आहे. बाहेरच्याला तो ऐकून प्रथम हसू येते. वाद असा की, भक्त हा वानरीच्या पिलासारखा असावा की मांजरीच्या पिलासारखा असावा?

वानरीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहते. आई या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेते, आणि पिलाने हात सोडला तर ते खाली पडते. मांजरीच्या पिलाला बिलगण्याची शक्ती नसते. ते डोळे मिटून पडलेले असते. आईच त्याची मान अलगद तोंडात धरते आणि त्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या सुरक्षित कोपऱ्यात नेते. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडकलै पक्षाचे म्हणणे असे की, जीवाकडून थोडा तरी प्रयत्न व्हावयास पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारा तेन्कलै पक्ष म्हणतो की, जीवाला काय करता येणार? नेणारा तोच आहे. यालाच मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे म्हणतात. दोन्ही बाजूंचे आचार्य थोर होते, तेव्हा कोणाची सरशी झाली हे ठरविण्याचे येथे कारण नाही. परंतु दोन्ही दृष्टान्तांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, तिकडे लक्ष गेले पाहिजे. दोन्हींत आई जिवंत आहे.

आई नसेल तर?

२००४ साली कावेरीच्या याच मुलखाला हा प्रश्न पुस्तकातून नव्हे तर प्रत्यक्षात विचारला गेला. त्या वर्षीच्या १६ जुलै रोजी कुंभकोण शहरातील एका शाळेत स्वयंपाकघराच्या झावळ्यांच्या छपराला आग लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. सकाळी डबा भरून देऊन ज्यांनी मुलांना शाळेत धाडले, त्या आईबापांच्या घरी संध्याकाळी मूल उरले नाही. पुढे साडेपाच महिनेही गेले नाहीत तोच २६ डिसेंबरच्या रविवारी सकाळी समुद्र उठला. कुंभकोणच्या पूर्वेस असलेल्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत कोळी समाजातील स्त्रिया आणि मुले फार. येथे उलट झाले. कित्येक मुले उरली आणि त्यांचे आईबाप गेले. एकाच नदीच्या मुखापाशी, एकाच वर्षात, मुलांवाचून आईबाप आणि आईबापांवाचून मुले!

तो मार्गळी महिना होता. या महिन्यात तमिळ देशातील विष्णुमंदिरांत पहाटे आंडाळची तिरुप्पावै म्हटली जाते. ही आंडाळ कोण? श्रीविल्लिपुत्तूरच्या पेरियाळवारांना आपल्या फुलबागेत, तुळशीपाशी, एक तान्ही मुलगी सापडली. तिचे आईबाप कोण, कूळ कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. देवाला हार करून वाहणे हाच ज्यांचा नित्यनेम, त्या आळवारांनी तिला उचलून घरी आणली आणि आपली कन्या म्हणून वाढविली. बारा आळवारांत ती एकटीच स्त्री होय. त्या रविवारी पहाटे ठिकठिकाणच्या देवळांतून एका अनाथ मुलीची वाणी गायिली गेली आणि काही घटकांतच किनाऱ्यावर शेकडो मुले अनाथ झाली.

अशा वेळी श्रद्धाळू गृहस्थाच्या मनात एक शंका येते. ती बोलून दाखविण्याचे धैर्य पुष्कळांना होत नाही, म्हणून ती आतल्या आत कुजते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांना वचन दिले आहे की, त्यांचा योगक्षेम मी स्वतः वाहतो. मग ज्या बालकाची आई लाटेबरोबर गेली, त्याचा योगक्षेम कोण वाहतो? त्याला तर अजून देवाचे नावही घेता येत नाही. अनन्य चिंतन करणे तर दूरच. तेव्हा हे वचन त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही काय?

यावर एक उत्तर फार लवकर दिले जाते आणि ते सर्वांत वाईट आहे. ‘ज्याचे त्याचे पूर्वकर्म’ असे म्हणून माणूस हात झटकतो. कर्मसिद्धान्त खरा आहे. परंतु शास्त्रकारांनी तो आपल्या स्वतःच्या दुःखाकडे पाहण्यासाठी दिला आहे. आपल्यावर संकट आले असता त्याचा दोष दुसऱ्यावर न टाकता ते धैर्याने सोसावे, हा त्याचा उपयोग. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी तो दिलेला नाही. कर्माची गती गहन आहे असे खुद्द भगवंत चौथ्या अध्यायात सांगतात. आणि जी गती अर्जुनासारख्याला गहन म्हणून सांगितली, ती ओट्यावर बसून पान लावणाऱ्या गृहस्थाला चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत स्पष्ट दिसावी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे! शिवाय कर्माचाच विचार करावयाचा तर तो पुरता करावा. ते बालक आपल्या दारी येऊन उभे राहिले हेही कर्मच आहे, आणि ते त्याचे जितके आहे तितकेच दार उघडणाऱ्याचेही आहे.

महाराष्ट्राने तर या विषयात विशेष नम्र असावयास पाहिजे. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी आणि रुक्मिणीबाईंनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडे उघडी पडली. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना दूर लोटले. त्या वेळीही ‘आईबापांचे कर्म’ असेच म्हटले गेले असेल. त्यांपैकी दुसऱ्या भावाने शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि आज घरोघरी जी ज्ञानेश्वरी वाचली जाते ती आपल्या हाती आली. मराठी माणसाला गीता एका अनाथ मुलाने दिली आहे.

आता शंकेचे उत्तर. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळवून देणे, आणि क्षेम म्हणजे जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे, असा आचार्यांनी या शब्दाचा अर्थ केला आहे. भगवंत भक्ताचा योगक्षेम वाहतात, आणि ज्याचा भार असा उतरला आहे त्या भक्ताने रिकाम्या हाताने बसून राहावे असे गीतेत कोठेही नाही. पाचव्या अध्यायात मोक्षाला पोहोचणारे ऋषी आणि बाराव्या अध्यायात अव्यक्ताची उपासना करणारे, या दोघांविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगितली आहे. ते सर्व प्राण्यांच्या हितात रमलेले असतात. तिसऱ्या अध्यायात तर जो केवळ आपल्यापुरते शिजवितो तो पाप खातो, इतक्या कठोर शब्दांत बजाविले आहे. म्हणजे वचन भक्ताला दिले, आणि ज्याला वचनाची खबरच नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचविण्याचे काम भक्ताच्या हाती दिले. मांजरी गेली असता पिलू उचलून नेणारा कोणी तरी असावा लागतो. तो जेव्हा उचलतो तेव्हा उचलणारे हात त्याचे असतात आणि नेणारा तो पेरुमाळच असतो. पेरियाळवारांनी तान्ह्या मुलीला उचलले, त्या वेळी मार्जारन्याय खोटा ठरला नाही. तो तेथेच खरा झाला.

परंतु उचलणे सोपे आहे. मांजरी पिलाला तोंडात धरते तेव्हा दात तेच असतात ज्यांनी ती उंदीर मारते. पिलाच्या मानेला मात्र ओरखडा उमटत नाही. दान करताना हे जमणे कठीण, आणि म्हणूनच सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर त्सुनामीनंतर देशभरातून मालमोटारी भरभरून जुने कपडे आले. फाटके, विटके, कोळ्यांच्या बायका कधी नेसणार नाहीत असे. त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्यांचे घरदार गेले होते, त्यांनीही ते उचलले नाहीत. पाठविणाऱ्यांना वाटले असेल की दान झाले. देश, काल आणि पात्र न पाहता, आदर न राखता दिलेल्याला गीतेत काय म्हटले आहे ते ज्याने त्याने उघडून पाहावे. त्याच किनाऱ्यावर नागूरच्या दर्ग्याने निराश्रितांना आपल्या आवारात घेतले आणि मृतांना, ते कोणत्या धर्माचे हे न विचारता, पुरावयास जागा दिली. (या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह राजे भोसल्यांनी बांधविला आहे, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.)

आणि हे सर्व झाले तरी तो केवळ योग होय. नसलेले आणून देणे. अन्न येते, पांघरुणे येतात, आठ दिवस किनारा माणसांनी भरून जातो. नंतर वर्तमानपत्रे दुसऱ्या बातमीकडे वळतात आणि मालमोटारी परत फिरतात. घर पडलेल्या माणसाला एवढ्याने निदान उभे राहता येते. मुलाला येत नाही. चार वर्षांच्या मुलाला आठ दिवसांची भाकरी मिळाली तर नवव्या दिवशी ते चार वर्षे आठ दिवसांचे असते. त्याला पाहिजे असतो क्षेम, आणि तो पंधरा-सोळा वर्षे चालावयाचा असतो. त्यात ताप आलेल्या रात्री असतात, न येणारे गणित असते, विनाकारण रडणे असते, बाराव्या-तेराव्या वर्षीचा राग असतो. योगासाठी उदार हृदय पुरते. क्षेमासाठी मात्र रोज सकाळी उठावे लागते.

महाराष्ट्राला हा अनुभव त्सुनामीच्या अकरा वर्षे आधी आला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असता, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसराला भूकंपाने हादरविले. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी तिकडची घरे. उन्हाळ्यात थंड राहावीत म्हणून बांधलेली ती घरे झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली, ५२ गावे उद्ध्वस्त झाली. आदल्या दिवशी ज्यांनी गणपतीला पुढल्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण दिले, त्यांपैकी कित्येकांना पुढले वर्ष उजाडलेच नाही.

मदतीला सारा देश धावला. परंतु थोड्यांनीच मुलांची मोजदाद केली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील १२०० मुले पुण्यास आणली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली. पुढे वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच वाढले. बाराशे मुलांच्या दोन वेळच्या जेवणाचा हिशेब वाचकांनी मनाशी करून पाहावा. आणि तो एका दिवसाचा न करता एका मुलाची शाळा संपेपर्यंतचा करावा. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. नाव किती विचाराने ठेवले आहे! त्यात अनाथ हा शब्द नाही, आश्रम हाही नाही. मुलाला शाळेत कोणी विचारले की, ‘तू कोठे राहतोस?’ तर त्याने मान खाली न घालता सांगावे, ‘आपलं घर.’

यावर एखादा म्हणेल, एक जैन व्यापाऱ्यांची संघटना, दुसरे समाजवादी. यांचा आणि गीतेचा संबंध काय? संबंध असा की, बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची जी लक्षणे दिली आहेत त्यांत द्वेष न करणे, मैत्री आणि करुणा ही आरंभीच आली आहेत. त्या यादीत पंथ विचारलेला नाही. हातून काम भगवंताचे होत असेल तर मुखात नाव कोणते आहे याची चौकशी भगवंत करीत नाहीत. ती करण्याची घाई इतरांनाच असते.

गृहस्थाने मात्र आपल्या घरापुरती एक सावधगिरी बाळगावी. दयेच्या नावाखाली चाकर ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ‘पोरकी आहे बिचारी, आमच्याकडे असते’ असे सांगितले जाते, आणि पाहावे तो घरची मुले शाळेत गेलेली असतात आणि ती पोरकी मोरीवर भांडी घाशीत असते. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली आणि जन्मभर तेथे दळण-कांडण करीत राहिली. तिच्या जात्याला हात लावावयास विठ्ठल आला, ही तिची थोरवी होय. म्हणून पोरक्या मुलीला जात्यावर बसवावे असा त्याचा अर्थ नाही. सात्त्विक दान ते, जे परतफेड करू न शकणाऱ्याला दिले जाते. ज्याच्याजवळ काहीच उरलेले नाही असे मूल त्याचे सर्वांत निर्मळ पात्र. आणि नेमके त्याच्याच कामाची, निदान त्याच्या कृतज्ञतेची, अपेक्षा मनात डोकावते. मांजरीचे पिलू आभार मानीत नाही. आईला त्याचे काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. संकटाच्या वेळी कोवळ्या मुलांवर केवळ सज्जनांचीच नजर असते असे नाही. त्सुनामीनंतर तमिळनाडू शासनाने पोरकी मुले घाईने कोणाच्या हवाली न करता त्यांच्यासाठी बालगृहे उघडली, ती याच भीतीने. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘अमुक ठिकाणी दोन तान्ही मुले आहेत, कोणी दत्तक घ्या’ असे निरोप भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरले, आणि भल्या माणसांनीच ते पुढे धाडले. असे मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे, अथवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे. दत्तक घेणे असेल तर ते २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या मार्गानेच घ्यावे. श्रद्धावंतांना हा कागदी खटाटोप रुक्ष वाटतो. तो क्षेमाचाच भाग आहे. मुलाच्या काकाचा, आजीचा शोध घेतल्यावाचून त्याला दूर नेणे म्हणजे लाटेने अर्धवट सोडलेले काम पुरे करणे होय.

क्षेम म्हणजे नेमके काय हे पाहावयाचे तर पुन्हा कावेरीकाठी गेले पाहिजे. १७९९ साली तंजावरचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले, आणि सरफोजी महाराजांकडे गादीचा मान तेवढा राहिला. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी बांधलेली छत्रे होती. त्यांचे उत्पन्न तुटू नये म्हणून महाराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र लिहिले आणि तेथे काय काय चालते ते सविस्तर कळविले. काशीहून रामेश्वराला जाणारा यात्रेकरू वाटेतच मरण पावे, आणि त्याची मुले परक्या मुलखात, परक्या भाषेत उघडी पडत. अशा पोरक्या मुलांची व्यवस्था त्या पत्रात सांगितली आहे. त्यांना शिक्षकांच्या स्वाधीन करावे. दिवसातून तीन वेळा जेवू घालावे. आजारी पडल्यास औषध द्यावे, अंगावर वस्त्र द्यावे. ज्या विद्येची आवड दिसेल ती शिकवावी. विद्या पुरी झाली म्हणजे त्यांच्या लग्नाचा खर्च छत्राने करावा. आणि दर चार दिवसांनी त्यांना तेल लावून न्हाऊ घालावे.

या शेवटच्या कलमापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. अन्नवस्त्राची तरतूद कोणीही दाता लिहून ठेवील. राज्य गेलेला राजा इंग्रज अधिकाऱ्याला लिहिताना पोरक्या मुलांच्या डोक्यावरचे तेल विसरत नाही! तेल लावावयाचे म्हणजे मुलाला जवळ बसवून घ्यावे लागते, त्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागतो, केसांतला गुंता सोडवावा लागतो. ते ओरडते तेव्हा थोडे दटावावे लागते. हे काम आईचे.

त्सुनामीनंतर नागपट्टिणममध्ये उघडलेल्या ‘अन्नै सत्या’ शासकीय बालगृहात काही मुले अगदी अजाण होती. आपले गाव कोणते हे त्यांना सांगता येत नव्हते. त्या वेळचे जिल्हाधिकारी जे. राधाकृष्णन. कुंभकोणच्या शाळेला आग लागली तेव्हा तंजावर जिल्हा त्यांच्याकडेच होता. पाच महिन्यांत दोन्ही दुःखे त्यांनी जवळून पाहिली. ते आणि त्यांची पत्नी त्या बालगृहात जात राहिले, आणि तेथील मुली त्यांना अप्पा म्हणू लागल्या. पुढे त्यांची बदली झाली, नंतर पुन्हा झाली. मोठमोठी पदे आली. २००४ मध्ये जिला पुरते बोलताही येत नव्हते, अशी त्या बालगृहातील एक मुलगी शिकली, मोठी झाली. २०२२ साली तिचे लग्न नागपट्टिणमला झाले, तेव्हा वडीलकीच्या नात्याने ते मांडवात हजर होते.